सात की साठ

४ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण मी रुसलोय आणि फोनवर मला नीट रुसता येत नाही. रविवारी तुला सांगितलं, तुझी वहिनी जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये आहे. त्यावर तू म्हणालीस, वा, छान झालं, मलाही एक जोड ठेव. वहिनी शेजारीच होती. ‘नणंदेला शोभेल असंच बोलली ठकू,’ असं म्हणत ती हसली. मला हसू आलं नाही.

महिन्याभरात असं तिसऱ्यांदा झालं. अठरा वर्षं कोर्टात लोकांचा शब्द न् शब्द टिपतेस, मग घरच्यांसाठी कान उरत नाहीत का? माझ्याकडे जुने नकाशे बांधणीला आलेत, हात खळीने चिकट झालेत, म्हणून अक्षर असं. काय बिनसलंय ते मोकळेपणी लिही.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

११ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

वहिनीपुढे मान खाली घालते. मला त्यातलं ‘पाय’ एवढंच कळलं. बाकीची जागा मी, वहिनी पायमोजे विणतेय, असं धरून भरली. दोन वर्षं मी असंच करतेय. समोरच्याचे ओठ बघायचे, निम्मं ऐकायचं, निम्मं रचायचं. फोनला ओठ नसतात.

मंगळवारी कान तपासून आले. खोलीच्या भिंती स्पंजच्या, दार जाडजूड. ते मिटलं आणि वाटलं, कुणीतरी मला कापसात ठेवून दिलंय. कानांवर हेडफोन, हातात बटण. दुरून, जणू धुक्यापलीकडून, बारीक सूर यायचे. ऐकू आला की बटण दाबायचं. जाड सूर आले. बारीक होत होत कधी संपले, कळलंच नाही. मी बटण धरून वाट बघत बसले होते आणि काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई सूर वाजवतच होत्या.

मग त्या शब्द म्हणू लागल्या आणि मी ते परत म्हणायचे. शब्द पाण्याखालून आल्यासारखे, कडा विरघळलेले. पंचवीसपैकी अकरा बरोबर. मागे माणसांचा गलका लावला, तर तीन. बाईंनी समजावलं, की आतल्या कानातल्या नाजूक पेशी झिजल्यात. आवाज वाढवला तर मोठं ऐकू येईल, स्वच्छ येईलच असं नाही. स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात.

मी यादी बघायला मागितली. एकोणिसावा शब्द होता ‘साठ’. मी ‘सात’ म्हटलं होतं.

दादा, तिथेच मला एक साक्ष आठवली. गेल्या महिन्यात एका बेकरीवाल्यावरच्या खटल्यात मी ती टिपून घेतली. त्याने गोदामाला आग लावली, असा आरोप. साक्षीदाराने सांगितलं, तिन्हीसांजेला अमुक पावलांवरून त्याचा चेहरा ओळखला. बोलताना त्याचा हात तोंडावर होता. मी सात पावलं लिहिलं. त्याने न वाचता सही केली. साठ म्हणाला असेल तर? सांगितलं, तर अठरा वर्षांची नोकरी जाईल. पाच महिने तो बेकरीवाला तुरुंगात आहे.

माया आटू देऊ नकोस,
ठकू

१५ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

आधी माझं रुसणं मागे घेतो.

खरं सांगू? पत्र वाचून माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की गप्प बस, कदाचित सातच असेल. तसं वहिनीला म्हणालोही. तिने पाय स्टुलावरून खाली ठेवला आणि म्हणाली, की तुझी खात्री नाही म्हणूनच तू बोललं पाहिजेस. खात्री करणं साक्षीदाराचं काम आहे. मग माझ्याकडे दिवसभर बघितलं नाही. तिचं बरोबर आहे. नोकरी गेली तर इथे ये. पुस्तकं शिवायला कान लागत नाहीत.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यात,
दादा

२ एप्रिल

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

मी न्यायाधीशांना सगळं लिहूनच दिलं, सोबत तपासणीचा कागद. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, की हे कधीपासून. मी दोन वर्षं म्हटलं. आधीच्याही साक्षी तपासाव्या लागतील, असं ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

साक्षीदाराला पुन्हा बोलावलं. त्याने साठच सांगितलं, वर म्हणाला, की आपण तेव्हाही तेच बोललो होतो. शिपायाने साठ पावलं मोजून रस्त्यावर माणूस उभा केला. तिन्हीसांजेला तो माणूस की खांब, हेही कुणाला सांगता आलं नाही. काल बेकरीवाला सुटला.

माझं टंकलेखन थांबलं. मला जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलंय. कानाची यंत्रं पुढच्या आठवड्यात मिळतील. त्यांनी मदत होईल, कान परत येणार नाहीत, हे बाईंनी आधीच सांगितलंय. खोलीत उंच खिडकी आहे, उन्हात धूळ तरंगत असते, आणि माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. कधी कधी मी तिथे रडते.

काल व्हरांड्यात बेकरीवाल्याची बायको बाकावर एकटी बसली होती, नवरा सह्या करायला आत. मला बघून ती काहीतरी बोलली. नेहमीसारखी मान डोलावून मी पुढे जाणार होते. पण थांबले. मला ऐकू कमी येतं, पुन्हा सांगाल का, असं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटत होतं, ती मला शिव्या देतेय. ती उजेडाकडे वळली आणि हळूहळू म्हणाली, की बसा ना, उभ्या का.

मी बसले. नवरा येईपर्यंत दोघी बसून होतो.

लोभ आहे तसा राहू द्या. वाढला तर माझी हरकत नाही.

तुमची,
ठकू