घामेजलेलं पांढरं दालन

३ ऑक्टोबर १८४०
पोचलो एकदाचा राजधानीत! झारच्या राजवाड्याचं पांढरं दालन जलरंगात उतरवायचंय. चौतीस खांब, अकरा झुंबरं, सोन्याच्या मुलाम्याने डोळे दिपतात. मी जन्मापासून मालकांच्या मालकीचा, त्यांच्या गाईम्हशींसारखा. पण त्यांनी शब्द दिलाय: चित्र राणीसरकारांना आवडलं, तर येर्मोलाय, तू मोकळा. वाड्याचे कारभारी प्लातोन ल्वोविच यांनी बजावलं, चित्रात माणूस नको, शोभा जाते. वर टोमणा, तुझ्यासारखा तर नकोच नको. हसलो झालं.

८ ऑक्टोबर
शेगड्या पेटवणाऱ्या अगाफ्याबाईंनी काशाची ऊन लापशी आणि खारवलेली काकडी दिली. म्हणाल्या, तीन वर्षांमागे वाडा आगीत जळाला, तेव्हा तो वर्षात पुन्हा उभा करायचा हुकूम होता. गिलावा वाळावा म्हणून ऐन हिवाळ्यात भट्टीसारखी धग ठेवली. गवंडी पटापट मेले. त्यांत आमच्या गावचे चौदा, माझा थोरला भाऊ साव्वासुद्धा. घरी निरोप आला होता, तापाने गेला. कसला ताप, डोंबलाचा!

१३ ऑक्टोबर
कागदावर एका जागी रंग वाळेना. डोकं, खांदे, माणसाएवढा आकार. समोरच्या भिंतीवरही तीच ओल, भर उन्हात. बोट लावून चाखलं. खारट.

१६ ऑक्टोबर
डाग चौदा. प्लातोन ल्वोविच खवळले: पुसून टाक, नाहीतर सुटकेचा कागद विसर, जा गोठ्यात. खिडकी उघडली. गार वाऱ्याने डाग विरले. लावली, परत आले. एकाचा डावा खांदा उतरलेला. दादाचाच.

१७ ऑक्टोबर
मी का भ्यावं? भ्यावं त्यांनी, ज्यांनी धग लावली. आईला ना प्रेत मिळालं, ना थडगं. चेहरा तरी मिळेल. कुंचला उचलला. कागदावरच्या डागात एकेक चेहरा रंगवला की तो डाग वाळतो. सुटका गेली खड्ड्यात!

१८ ऑक्टोबर
दाराला आतून कडी. तेरा झाले. शेगड्या गार, तरी धग— कुंचल्याचं पाणी वाफाळतंय. कारभारी दार बडवतायत. अगाफ्याबाई रडून सांगतायत, बाबा रे, खिडकी तरी उघड.

नाही उघडणार. उघडली की दादा विरेल.

श्वास— पुरत नाही. याच धगीत तो—

नाक झालं. ओठ. डोळे राहिलेत. दादा, जरा हलू नकोस, हे बघ, एक डोळा झा—