मागच्या दाराची पट्टी

९ मार्च, रवि.
शाळेत पोरांले 'मला-तुला' शिकवते. इथे मले-तुले. माझी वही आहे, लाल पेन कोणी चालवणार नाई.

आज बाबा चालत्या गाडीतून उतरत होते. जुनं घर झाडायले आलापल्लीले निघालो होतो. जंगलनाका आला, मी गाडी हळू केली, तर शेजारच्या सीटवर बाबांनी पट्टा काढला, दार उघडलं, एक पाय बाहेर! ब्रेक दाबला आणि कॉलर धरली. केवढ्यानं ओरडली मी.
"अरे बापा, काय करून राह्यले?"
"एन्ट्री नाई करा लागत का? पास दाखवाले नोको?"
बाबांनी चौतीस वर्षं लाकडाच्या डेपोचा ट्रक चालवला. सागवान भरलं की प्रत्येक नाक्यावर उतरायचं, पास दाखवायचा, रजिस्टरात लिहून सही ठोकायची. दीड वर्षात डोक्यातून काय काय गेलं. आई वारली हे गेलं, मी कोणत्या शाळेत आहे ते गेलं. नाका नाई गेला.


११ मार्च
गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. तीन वर्षं प्लास्टिकमध्येच होतं. मागच्या दाराच्या कडेले, कुलपाजवळ, बोटाएवढी पट्टी असते. दार उघडलं तरच दिसते. खाली केली की आतलं हँडल कितीही ओढा, दार उघडत नाई. बाहेरून उघडते. बाजूले लेकराचं चित्र.
पुढच्या दाराले ही सोय नाई. म्हणजे बाबा मागे.

१६ मार्च, रवि.
"मले मागं काऊन बसवतं? मी काय साहेब हाये?"
"हो, आज साहेब."
खुश झाले. नाका आला. डावं हँडल दोनदा ओढलं. मी मनात म्हटलं, जमलं! तर म्हातारा सरकत सरकत उजवीकडे गेला आणि तिकडचं दार उघडून थेट रस्त्याच्या बाजूनं उतरला. मागून जीप येत होती. जीपवाल्यानं मलेच शिव्या घातल्या. बरोबर घातल्या.
दोन दारं, दोन पट्ट्या. एकीची दुसरीले खबर नसते. मास्तरीण आहे मी म्हणे.

२३ मार्च, रवि.
दोन्ही खाली. नाक्यावर बाबांनी इकडचं ओढलं, तिकडचं ओढलं.
"हँडल ढिलं झालं. मेकॅनिकले दाखव."
"दाखवते बाबा."
ज्या माणसानं ट्रकचा गिअरबॉक्स जंगलात खोलून पुन्हा बसवला, त्याले मी हँडल खराब आहे म्हणून सांगितलं. 

६ एप्रिल, रवि.
आता काच. वळण आलं की बाबा मागून हात बाहेर काढून इशारा देतात, ट्रकवाले देत तसा. आज एक बस हाताले घासून गेली असती. माझ्या दारावर एक बटण आहे, ते दाबलं की मागच्या काचांची बटणं बंद. मी इकडून खालीवर करू शकते, ते नाई करू शकत. दाबलं. मागून टक-टक-टक. पाच कि.मी. टक-टक.
मग मीच अर्धी काच खाली केली. म्हटलं, बाबा, पुरी नाई उतरत, बिघडली वाटते.
"बिघडली नाई व. दारात चाकाची कमान येते, काच जाईल कुठी?"
हे बरोबर माहीत. आणि सकाळी मले विचारलं, तू कोणाची?

१३ एप्रिल, रवि.
लिहावं वाटत नाई. लिहिते.
उद्या जयंती. मेणबत्त्या, फुलं, सांभाराच्या जुड्या घ्यायले चामोर्शीच्या बाजारात थांबली. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणाले बसतो. पाचच मिनिटं म्हणून उतरली, सवयीनं किल्लीचं बटण दाबलं. चारी दारं बंद, मागच्या पट्ट्या तर खालीच. किल्ली माझ्या पर्समध्ये, म्हणजे काचाही बंद, गाडीले करंटच नाई. वरून एप्रिलचं ऊन. फुलवालीजवळ गर्दी, मग एक पालक बाई भेटल्या, पोराचं गणित...
आली तर बाबा लाल झालेले. शर्ट पिळून काढावा असा ओला. बोट काचेच्या बटणावर, दाबूनच राह्यले होते. दार उघडलं, अंगावर भट्टीसारखी वाफ आली. पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं, रसवंतीच्या सावलीत बसवलं. अर्ध्या तासानं नीट बोलले. मग दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले वाचले, पण दहा मिनिटं अजून असते तर.
त्यांच्या दोन्ही बाजूनं लोकं जाऊन राह्यले होते! मी रडत विचारलं, काचेवर ठोकलं काऊन नाई?
"लोकं म्हणले असते, ड्रायव्हरले दार उघडता येत नाई."
बाबा, माफ करा मले. माफ करा.

१४ एप्रिल
सकाळी वंदना झाली, बाबांनी पांढरा सदरा घातला, नातेवाईक येऊन गेले. दुपारी त्यांले अंगणात गाडीजवळ नेलं. दार उघडून पट्टी दाखवली. सगळं सांगितलं. नाका, जीप, हँडलचं खोटं, सगळं.
अंगठ्यानं पट्टी खाली. वर. खाली. चष्मा पुसून चित्र पाहिलं.
"लेकरू हाये."
"हो."
"पह्यले काऊन नाई सांगतलं?"
"तुम्ही भांडले असते."
"भांडलोच असतो! मंग लावून देल्ली असती मीच."
असं ठरलं: पट्टी बाबा लावतील. बाबा आत असताना मी गाडी सोडणार नाई, पाच मिनिटं तर नाईच नाई. आणि नाक्यावर मी गाडी पुरी थांबवून, उतरून, त्यांचं दार बाहेरून उघडीन.
"विसरशील तं?"
मी विसरीन म्हणे! हसू का रडू.

२० एप्रिल, रवि.
निघायच्या आधी बाबांनी गाडीभोवती चक्कर मारली. चारी टायरले लाथ. मग डावी पट्टी, उजवी पट्टी. मग "चल".
नाक्यावर दार उघडलं. ऐटीत उतरले. नाक्यावरच्या मडावीभाऊंले मी आधीच फोन करून सांगितलं होतं. त्यांनी एक जुनं कोरं रजिस्टर टेबलावर मांडून ठेवलं होतं, पेनासकट. देव माणूस.
"या काकाजी. माल काय हाये?"
"माल नाई. पोरगी हाये, शिकून राह्यली गाडी." (बारा वर्षं चालवते मी!)
वेळ टाकली, सही केली. सही तीच, शेवटचा फाटा खाली ओढलेला. माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तशी.
आलापल्लीपर्यंत मागून ब्रेक, क्लच, हॉर्नवर भाषण. एवढं बरं मले कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

४ मे, रवि.
तीच चक्कर, त्याच लाथा. डावी पट्टी लावली. उजवी विसरले. ती मी लावली. मडावीभाऊ म्हणाले, काकाजी, तुमच्या रजिस्टरात तुमच्याशिवाय कोणाची एन्ट्री नाई. केवढे फुगले!

१८ मे, रवि.
आज चक्कर नाई. सरळ येऊन बसले. पट्टीकडे पाहिलं नाई. मी थोडा वेळ दार धरून उभी राह्यली, मग दोन्ही मीच लावल्या.
नाका आला. हँडलचा आवाज नाई. गाडी थांबवली, उतरली, दार उघडलं. बाबा बसूनच.
"काऊन थांबली व?"
"नाका आला बाबा. एन्ट्री."
नाक्याकडे पाहिलं. मडावीभाऊ रजिस्टर घेऊन उठून उभे राह्यले होते. बाबांनी माझा हात थोपटला.
"तू कर. ड्रायव्हर तू हायेस."
विसरले का मले सोपवून दिलं, कळलं नाई. आजवर त्यांनी मले ड्रायव्हर म्हटलं नव्हतं. दोन महिने मी एवढंच मागत होती की त्यांनी नाक्यावर उतरू नये. आज नाई उतरले, तर तिथे रस्त्यात रडू आलं. बाबांच्या सहीखाली सही केली मी. मडावीभाऊंनी पेनाचं टोपण लावलं.
घरी आल्यावर गाडीचं मागचं दार उघडलं. पट्टी खाली. वर करून टाकू का? नाका गेला असेल तर पट्टी कायले पाहिजे? आणि पुढच्या रविवारी परत आला तर? अंगठा तिथेच ठेवून उभी होती.
मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "दार लाव व माय. मच्छर येऊन राह्यले."