पॅनल सोडायचं नाही

७ ऑगस्ट २०२४, बुधवार

युक्रेनचं सैन्य रशियात घुसलं! अडीच वर्षं रशिया त्यांच्या घरात ठाण मांडून होता, आता हे त्याच्या घरात. सुजा नावाचं गाव, सीमेपासून जेमतेम दहा किलोमीटर. तिथून कुर्स्क नव्वद. आणि कुर्स्कात आमची श्वेता — डॉक्टरकीचं पाचवं वर्ष आटोपलं, शेवटचं एक उरलं. तिथल्या दवाखान्यात काम शिकते म्हणून सुट्टीतही घरी आली नाही.

संध्याकाळी फोन लागला. “बाबा, काही मुली मॉस्कोले चालल्या. आम्ही पण निघू का?” म्हटलं, अजिबात नाही. युनिट ट्रिप होऊन बंद पडलं, सगळे अलार्म एकदम कोकलायला लागले, तरी पॅनलवरचा माणूस जागा सोडत नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं मी हेच करतोय. शिवाय शेजारचा अमोल डोळ्यांसमोर आहे. डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला असताना युक्रेनच्या खारकीवहून पळून आला — ना इकडचा राहिला ना तिकडचा. आता नागपुरात सदरला मामाच्या मेडिकल दुकानात बसतो.

पोरीनं पुन्हा विचारलं तेव्हा तोंडातून गेलं — “पळून आलीस तर माझ्या घरी येऊ नको!” प्रेमिला पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

रामटेकहून रुपरावजींचा फोन. त्यांची मेघा श्वेताची रूममेट. “मी तं पोरीले निघ म्हणून राहिलो, गोपाळरावजी. आम्ही धानवाले लोकं. धानाच्या बांधीत पाणी चढलं का पहिले माणूस बाहेर काढतो, मंग धान पाहतो.” मी त्यांना समजावलं. खरं म्हणजे सुनावलंच. घाबरट बापच पोरांची वर्षं वाया घालवतात, असं काहीबाही बोललो. ते “बरं जी” म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं चुकलेलं नाही. पंधरा दिवसांत रशिया त्यांना रेटून बाहेर काढेल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मॉस्को याला लढाई म्हणायला तयार नाही. ‘दहशतवादविरोधी कारवाई’ म्हणे! गावंच्या गावं रिकामी होताहेत, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसताहेत — पण लढाई म्हटलं की घर राखता आलं नाही हे कबूल करावं लागतं. ते कोण करणार?

१० ऑगस्ट, शनिवार

सेकंड शिफ्ट. मार्तंड माझ्या बाजूच्या डेस्कवर असतो. दोन वर्षं मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ पाहून पाहून आता स्वतःला सेनापती समजतो. “पाहा साहेब, हे जमीन ठेवाले नाही घुसले. टेबलावर मांडाले घुसले. उद्या बोलणी झाली तं हातात काही पायजे न! माह्यं दे, तुह्यं घे.” दुसरं म्हणे, रशियाला युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या आघाडीवरून फौज हलवावी लागेल, तिकडचा दाब उतरेल.

म्हटलं, आणि नाहीच हलवली तर? पुढे गेलेल्यांचा दारूगोळा, डिझेल, जखमी — सगळं एका लांबट रस्त्यावरून न्यायचं. रोज लांबी वाढते. परत कसं यायचं हे कुठल्या व्हिडिओत आहे? मग म्हणाला, “अमेरिकेलेही आधी नाही सांगतलं म्हणते. विचारलं असतं तं नकोच म्हटलं असतं त्याईनं.”

घरी आलो. नकाशावर पट्टी ठेवली. काल होतं त्याहून दोन बोटं जवळ.

११ ऑगस्ट, रविवार

कुर्स्क शहरातच! नऊमजली इमारतीवर पाडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे पडले. लोक जखमी. तीनदा फोन लावला, उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. “ते दूर आहे बाबा, गावाच्या पार त्या टोकाले.” व्हिडिओ कॉल कर म्हटलं, चेहरा तरी दिसू दे. “व्हिडिओ नाही लागत इकडं. नेट बारीक करून ठेवलं त्यांनी.”

सगळं सांगितलं — खिडकीजवळ झोपू नको, दोन भिंतींच्या मधे कॉरिडॉरमध्ये गादी टाक, बादल्या भरून ठेव, बूट उशाशी ठेव. “हो बाबा. हो बाबा.”

आणि प्रेमिलानं आज पातोडी रस्सा केला! पोटभर जेवली वर. दुपारी चक्क घोरत होती. मला म्हणते, “झोपा न जी थोडे. काही नाही होत तिले.” ही आई आहे की कोण? मी ताट तसंच सारलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कुर्चातोवची अणुभट्टी. कुर्स्कपासून चाळीस किलोमीटर — आमच्या कॉलनीपासून रामटेक तेवढंच. मार्तंड म्हणतो, युक्रेनवाले तीच धरायला चाललेत. त्यांची झापोरिझियाची भट्टी रशियाने धरलीय, मग हिशेब बरोबर.

परवापर्यंत मीच म्हणत होतो, भट्टीवर कोणी बॉम्ब टाकणार नाही, म्हणजे तिच्या आसपास सगळ्यांत सुरक्षित. किती शहाणा मी! आपला बॉयलर विझवला की गार होत जातो. ती भट्टी बंद केली तरी आत धगधगतच राहते. पाणी फिरवत राहावंच लागतं, पंपांना वीज लागतेच. बॉम्ब कशाला हवा? बाहेरून येणाऱ्या लाइनी तुटल्या आणि डिझेल जनरेटरनं दगा दिला की झालं. आणि ही जुन्या बनावटीची — वर काँक्रीटचा घुमटसुद्धा नाही. विजेच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला हे सात तारखेला, पोरीला थांब म्हणताना सुचू नये?

१४ ऑगस्ट

झोप नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून कंट्रोल रूममध्ये गेलो तर मार्तंड खुशीत. “सुजा गेलं साहेब! पुरं घेतलं!” क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. माझं डोकं फिरलं. “माझी पोरगी आहे तिथं!” ओरडलोच. सगळे पॅनल सोडून माझ्याकडे बघायला लागले.

थोड्या वेळानं त्यानं चहा आणून ठेवला. हळूच म्हणाला, “मंग बोलवा न तिले, साहेब. काहून थांबून राहिले तुम्ही?”

काय सांगणार? सांगितलं, चहा थंड आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सेइम नदीवरचा पूल उडवला. नदीपलीकडचे रशियन सैनिक कोंडायचे, असा बेत दिसतो. पण पुलावरून गावचे लोकही जातात. आज पूल, उद्या रेल्वे. मग निघायचं कुठून?

फोन लावला. ‘निघ’ म्हणायलाच लावला होता. म्हटलं काय, तर “जेवलीस का?” जेवली म्हणे. ठेवला. तोंडानं एक शब्द निघत नाही आणि मी रशियाला हसत होतो.

१७ ऑगस्ट

आजही नाही जमलं. उद्या नक्की.

१८ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. “श्वेता, निघ तिथून. वर्ष गेलं तर गेलं. बाबाचं चुकलं.”

“खरंच बाबा? रागावणार नाही?” म्हटलं, नाही गं बाई, तू आधी निघ! “बरं,” म्हणाली. रडत होती. प्रेमिला पदर डोळ्यांना लावून आत गेली. आता रडते!

पण आता रस्ते चालू आहेत का? रेल्वे? बसवर ड्रोन पडलं तर? अकरा दिवस हातात होते, तेव्हा रस्ता मोकळा होता. मी तिला बसवून ठेवलं. नेमकं आता, सगळं पेटल्यावर, निघ म्हणतो. तिला काही झालं तर ते युक्रेननंही केलं नसेल आणि रशियानंही नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

सकाळी रुपरावजींचा फोन. “तुमचे उपकार झाले, गोपाळरावजी. माही मेघा तं भेवानं हलतच नव्हती. तुमच्या श्वेतानं हात धरून आठ तारखेलेच मॉस्कोले नेलं तिले. अकरा दिवस झाले, दोघी बेस आहेत तिथं.”

प्रेमिलाला विचारलं. तिला त्याच दिवसापासून माहीत होतं. शपथ घातली होती म्हणे पोरीनं. काय म्हणाली? तर — “लढाईतून तं निघालो आई, पण बाबाले नको सांगू. मले त्यायचंच भेव वाटते.”

हे सांगताना प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलं नाही.