सगळं बेट रकान्यात

९ मार्च

चि. ताकेना यास अ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले, आज ते मनापासून नाहीत. तुला एवढं खरं लिहायला सांगितलं कोणी? काल मनेआबात, आपल्या सभाघरात, गावसभा भरली आणि कारकुनाने तुझ्या कचेरीचं पत्र वाचलं. देवळाजवळच्या पावसाच्या टाकीचं तुझ्या भाऊजींनी भरलेलं टेंडर बाद. का, तर बुरेंती हा टेंडर मंजूर करणाऱ्या साहेबाचा, म्हणजे तुझा, नातेवाईक. बरं, मग उत्तर टोकाच्या गवंड्यांचं? तेही बाद, तेही नातेवाईक. फॉर्मवर नातेवाइकांच्या रकान्यात तू सगळं बेट लिहून ठेवलंस, मेलेल्या मामासकट.

लोक आधी हसले. म्हातारा तिओति तर डोळे पुसत म्हणाला की पोरगं साहेब झालं तरी कुणाला विसरलं नाही. मग कोणीतरी विचारलं की टाकी बांधणार कोण. कारकून म्हणाला, समुद्रापलीकडची कंपनी, प्लास्टिकच्या टाक्या घेऊन. मागे शाळेला आल्या होत्या तशाच. त्या उन्हाने तडकल्या, आता त्यांत डुकरं झोपतात.

विहीर खारट झाली आहे. आई घोट घेते, थुंकते आणि मीच मीठ टाकल्यासारखी माझ्याकडे बघते. तेव्हा तुझी अक्कल घरी परत आण आणि नावं खोड.

लोभ आहे, म्हणून एवढंच बोलले.

तुझी अक्का,
रोटिया

तारावा, २१ मार्च

ती. अक्कास ताकेनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान धरले. पण फॉर्मवर विचारलं होतं, त्या बेटावर तुमचे नातेवाईक कोण. मी काय लिहिणार? तिओतिला वगळलं असतं तर पुढच्या लग्नात त्याने मला ताट वाढू दिलं असतं का? आमचे सल्लागार परदेशी आहेत. त्यांनी माझी पाठ थोपटली, इतका प्रामाणिक माणूस पाहिला नाही म्हणाले, आणि त्याच हाताने सगळी टेंडरं बाद केली.

मी त्यांच्याशी भांडलो. शेवटी ते म्हणाले की चुलत-मावस नाती सोडू, फक्त भावंडं आणि त्यांची घरं धरू. म्हणजे बाकीचं बेट सुटलं, अडकलीस तू एकटी. आणि न गळणारी टाकी बांधता येते ती भाऊजींनाच. मी या कामातून बाजूला होतो म्हटलं, तर इथे सही करणारा दुसरा माणूस नाही. फाइल बाहेरच्या देशात जाईल आणि काम कंपनीलाच मिळेल.

एक वाट आहे. रागावू नकोस. तू आईच्या मांडीवर दत्तक आलीस ती पलीकडच्या वस्तीतून. कायद्याने पाहिलं तर तू माझी सख्खी नाहीस. सोबत एक कागद आहे, ‘ताकेना माझा भाऊ नाही’ असा. त्यावर सही करून पाठव. नुसता कागद आहे, अक्का. त्याने भाऊजींना काम मिळेल, तुम्हाला गोड पाणी मिळेल आणि माझी खुर्चीही राहील.

आईची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
ताकेना

३ एप्रिल

श्रीयुत ताकेनासाहेब यांस न. वि. वि.

परक्या माणसाला अरेतुरे करू नये असं आईने शिकवलं आहे, म्हणून यापुढे तुम्ही.

कागद मिळाला, सही केली. त्याआधी मनेआबात म्हाताऱ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतला, कारण इथे कोणी कोणाचं नातं चुलीमागे बसून तोडत नाही. मांडीवर आलेल्या मुलीला तू मांडीवर आलीस असं आपल्यात भांडणातसुद्धा कोणी म्हणत नाही. दारू प्यायलेला माणूसही म्हणत नाही. तुम्ही शुद्धीत लिहिलंत, छान अक्षरात.

तिओति म्हणाला, दोघांतलं एक या घराचं नाही असं साहेबच लिहितात, तर कोणतं नाही ते आईला विचारा. आई आता पडूनच असते. म्हातारे तिच्याजवळ गेले. तिने विचारलं की मला पाणी कोण पाजतं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मग तो नसेल. आणि कूस बदलली.

मनेआबातली पूर्वेच्या खांबाजवळची तुमच्या बापाची बसायची जागा त्याच दिवशी बुरेंतीला दिली. तुम्ही कामाची पाहणी करायला आलात तर दाराशी पाहुण्यांच्या चटईवर बसायचं. उपाशी राहणार नाही. पाहुण्याला आम्ही मानाने माशाचं डोकं वाढतो.

बुरेंती म्हणतो, एवढं ताणू नकोस, तू कमरेवर वागवलेलं पोर आहे. मी म्हटलं, कंबर माझी मोडली, तू बोलू नकोस. तो टाकीसाठी वाळू चाळतो आहे. काम त्याला हवं आहे, ते त्याच्या तोंडावर दिसतं, आणि ते मला बघवत नाही.

आईची तब्येत विचारलीत. ती बातमी आम्ही नातेवाइकांना कळवतो.

सही केलेला कागद अजून माझ्याजवळ आहे. हे पत्र नेणारी बोट पंधरा तारखेला परत इथे लागेल. भाऊ असाल तर तसं लिहा, मी कागद चुलीत घालीन. येऊ देत कंपनीच्या टाक्या. खारट पाणी पिऊ आणि शिव्या तुलाच घालू. नसाल तर कागद पुढच्या बोटीने तुमच्या टेबलावर पोचेल, बुरेंती टाकी अशी बांधेल की थेंब गळणार नाही, आणि आई गेली की तुम्हाला कोणी कळवणार नाही. लोभाचं काय करायचं ते उत्तर आल्यावर ठरवीन.

पंधरा तारीख. बोट रिकाम्या हाताने आली तर भाऊ नाही असं धरून चालेन.

रोटिया,
बुरेंतीची बायको