बाबांच्या सायकलची सीट

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेले पाच दिवस मला साष्टांग ही एकच स्थिती मानवते आहे. पालथं पडून राहिलं की बरं वाटतं. बसणं म्हणशील तर तो विषय संपला. हे पत्रसुद्धा मी एका लॉजच्या खोलीत, छातीएवढ्या उंचीच्या कपाटावर कागद ठेवून उभ्यानं लिहितो आहे, तेव्हा अक्षर घसरलं तर क्षमा असावी. आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींची डोकेदुखी थांबली का? आपण दोघंही (हे ‘आपण’ मला फार वेळ झेपायचं नाही. सहा वर्षं बोलणं नसलेल्या मोठ्या भावाला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून सुरुवातीला जरा इस्त्री केली. पुढे ‘तू’ असंच लिहितो. राग आला तर जुन्या रागात मिसळून टाक, वेगळा ठेवू नकोस.)

तर दादा, मी सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघालो. बाबांच्या सायकलवरून. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तू हसशील, पण जरा थांब, कारण या सगळ्याच्या मुळाशी तूच आहेस. वहिनी त्या दिवशी चहा करायला आत गेल्या होत्या आणि त्यांनी नंतर फक्त तुझीच बाजू ऐकली असणार, म्हणून (हे पत्र त्या आधी वाचतील हे धरून) पुन्हा सांगतो. बाबा गेल्यावर घर आवरताना आपण पलंग, कपाटं, भांडीकुंडी सगळं गुण्यागोविंदानं वाटून घेतलं. अडलो ते सायकलीपाशी. बाबा जन्मभर तिच्यावरून घरोघरचे पाण्याचे मीटर वाचत फिरले, म्हणून मी म्हटलं, ती मला हवी. तू म्हणालास, घे, पण सीट मी पहिल्या पगारातून घेऊन दिली होती, ती माझी. आणि सगळ्यांदेखत पाना लावून सीट सोडवलीस आणि काखेत मारलीस. बसमध्ये चढताना कंडक्टरनं तुला विचारलं की बाकीची सायकल कुठे आहे, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सायकलीशिवाय सीट घेऊन माणूस काय करतो ते मला आजवर कळलेलं नाही. सीटशिवाय सायकल ठेवून मी काय केलं ते मात्र सांगतो. नळीत पाणी जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि सायकल जिन्याखाली उभी केली. पिशवी दर पावसाळ्यात बदलत होतो.

पण सीटचं मला एवढं वाटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की सीट नेलीस तर मी सायकलवरून जाऊ कसा, आणि त्यावर तू दारातून वळून म्हणालास, “तुला कुठं जायचंय? जन्मभर एका खिडकीत बसलास.” त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. एकतीस वर्षं मी ट्रकच्या वजनकाट्यावर त्या खिडकीत बसलो. ट्रक यायचा, मी विचारायचो, “भरलेली की रिकामी?”, ड्रायव्हर काय ते सांगायचा, मी चिठ्ठी द्यायचो. दिवसाला शंभर माणसांशी माझं एवढंच बोलणं. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा पहिला आठवडा बरं वाटलं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की कालपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. आवाज शाबूत आहे का ते बघायला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काडेपेटी मागितली. ती संपली होती. “बरं” म्हणून परत आलो. त्या रात्रीच जिन्याखालून सायकल काढली आणि पिशवी सोडली.

तयारी मी कसून केली. आमच्या भागात सायकलवाल्यांचं एक मंडळ आहे, सगळी पंचविशीतली मंडळी, बोलतातही सायकलवर असल्यासारखी, भरभर. त्यांनी सांगितलं की लांबच्या प्रवासाला अरुंद सीट घ्या, शर्यतवाले तीच वापरतात. ती मी घेतली. ती बसायची वस्तू नाही, दादा, ती मोजायची वस्तू आहे. फूटपट्टीवर गादी शिवली तर होईल तशी. मग त्यांनी मला आतून गादी लावलेली एक आखूड चड्डी घ्यायला लावली. ती बाहेरून दिसू द्यायची असते, पण एवढ्यासाठी मी एकतीस वर्षं अब्रूनं नोकरी केलेली नाही, म्हणून मी तिच्या आत नेहमीची आणि तिच्यावर सुती पँट घातली. (हे तिन्ही थर एकत्र घालायचे नसतात हे मला बाविसाव्या किलोमीटरला कळलं.) सरावासाठी मी काट्याच्या मैदानाला रोज चाळीस फेऱ्या मारायचो. मैदान सपाट आहे. रस्ते सपाट नसतात ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही, कारण ट्रक वर चढून येतो की खाली उतरून येतो हे खिडकीतून दिसत नाही.

मात्र सामान मी असं बांधलं की तसं कुणी बांधलं नसेल. मागच्या दोन पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाच्या हव्यात. डावीकडे कपडे भरले, उजवीकडे हत्यारं, पंप आणि जादा ट्यूब. डावी बाजू सातशे ग्रॅमनं हलकी भरली. तेव्हा मी कपाटातून लोखंडी वजनं काढली, एक पाचशेचं आणि एक दोनशेचं, आणि डाव्या पिशवीत टाकली. तोल इतका सुरेख साधला की मला भरून आलं. उजवीकडचा पाना डावीकडे टाकूनही भागलं असतं, हे मला तिसऱ्या दिवशी एका चढावर सायकल ढकलताना सुचलं. जन्मभर वजन वाढवूनच हिशेब जुळवलेल्या माणसाला कमी करायचं आधी सुचत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यासकट सायकलवर बसून मोठ्या काट्यावर उभा राहिलो. माझ्या जागी आलेल्या नव्या माणसानं वर बघितलंसुद्धा नाही. “एकशेदहा किलो,” तो म्हणाला, “भरलेली की रिकामी?”

निघताना एकच पंचाईत झाली. दाराला कुलूप लावलं आणि “येतो” म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणायचं कुणाला? शेजारचे नोकरीवर गेलेले. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली होती, पण चिठ्ठीला “येतो” म्हणता येत नाही. शेवटी जिन्याखाली सायकलची रिकामी जागा होती, तिलाच म्हटलं. जरा बरं वाटलं, मग लगेच फार वाईट वाटलं, मग चेन निसटली आणि ते सगळं मागे पडलं.

रस्त्यात मला खरी ओळख मिळाली ती ट्रकवाल्यांकडून. पहिल्या मोठ्या चढावर मी सायकल ढकलत होतो, तेवढ्यात एक ट्रक शेजारी येऊन हळू झाला. ड्रायव्हर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काटेवाले साहेब, तुम्हाला पाय आहेत होय?” वीस वर्षांत त्यानं मला कमरेच्या वरच पाहिलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मागच्या दोन ट्रकवाल्यांनाही थांबवून माझे पाय दाखवले. सायकल ट्रकवर टाका, चला, म्हणाला. मी अर्थातच नाही म्हटलं. निघताना त्यानं खिडकीतून वाकून, माझाच आवाज काढून विचारलं, “भरलेली की रिकामी?” सगळे हसले, मीही हसलो. ट्रक दिसेनासा झाल्यावर मात्र मी मैलाच्या दगडापाशी थांबलो (बसता येत नव्हतंच), आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर ड्रायव्हर लोक इतक्या चटकन कसं देत असतील याचा विचार करत राहिलो.

रोज रात्री नवं लॉज. प्रत्येक ठिकाणचा मॅनेजर चष्म्यावरून बघून एकच विचारतो, “एकटेच?” पहिल्या दिवशी मी “हो” म्हटलं. दुसऱ्या दिवशी “सायकल आहे” म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या आधीच “एकटाच” म्हणून टाकलं, तर तो म्हणाला, मी कुठे काय विचारलं. नोंदवहीत एक रकाना असतो, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. पहिल्या लॉजवर तो मी कोरा सोडला. मॅनेजर म्हणाला, हा भरल्याशिवाय किल्ली मिळायची नाही, या वयात सायकलवर आलाय, उद्या काही झालं तर आम्ही कुणाला शोधायचं? दूधवाल्याचा पत्ता मला माहीत नाही. मग तुझं नाव घातलं, पत्ता घातला, आणि नात्यापुढे ‘थोरले बंधू’ असं लिहिलं. तीन लॉजांच्या तीन वह्यांत तू आता माझा आहेस, दादा. तुला न विचारता केलं, पण किल्ली हवी होती.

तर आता कामाचं. ही अरुंद सीट मला अजिबात चालत नाही आणि परतीचा एकशे चौसष्ट किलोमीटरचा रस्ता तसाच पडलेला आहे. तुझ्याकडची सीट रुंद आहे, चामड्याची आहे, बाबांनी बसून बसून मऊ केलेली आहे. ती तू फेकलेली नाहीस हे मला माहीत आहे. (वहिनी वर्षातून दोनदा मला फोन करतात. हे तुला माहीत नसेल तर ही ओळ वाचली नाहीस असं समज.) माझं मागणं एवढंच की ती सीट उसनी दे. मी भांडायला येत नाही, सीट कुणाची हा विषय काढणार नाही, चहालाही थांबणार नाही. सीट बसवीन आणि जाईन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण एकसष्टाव्या वर्षी या फूटपट्टीवर तीन दिवस काढले की पीळसुद्धा सरळ होतो, हे मी अनुभवानं सांगतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जप. जिने कमी चढ.

तुझा धाकटा,
(हल्ली उभा)

ता. क. वर मी ट्रकवाल्याला नाही म्हटलं असं लिहिलं आहे. पहिल्याला म्हटलं. दुसऱ्या दिवशी भेटलेल्याला हो म्हटलं. एकशे चौसष्टपैकी एकतीस किलोमीटर मी आणि सायकल विटांवर बसून (म्हणजे सायकल आडवी, मी पालथा) आलो. तुझ्याशी खोटं बोलून प्रवास पुरा झाल्यासारखा वाटेना.

ता. क. दुसरा. या पत्रावर तिकीट नाही म्हणून बुचकळ्यात पडू नकोस. ते तुझ्या फाटकावरच्या पेटीत मीच टाकलं आहे. मी परवा दुपारीच पोचलो. फाटकासमोर सायकल उभी केली, हेल्मेट काढायच्या आधी जरा श्वास घेत होतो, तेवढ्यात तू गॅलरीत झाडांना पाणी घालताना वरून म्हणालास, “ओ सायकलवाले, फाटकासमोर लावू नका.” मी “बरं” म्हटलं आणि सायकल पुढे नेली. एवढ्या लांबून येऊन पहिला शब्द ‘बरं’ झाला, त्यावर दुसरा मला सुचला नाही. तुझ्या घरासमोरच्या लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. मॅनेजरनं वही पुढे केली, अडीअडचणीच्या रकान्यातला पत्ता वाचला, मग रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणाला, अहो, हे तर समोरच राहतात. मी म्हटलं, हो, समोरच. काल तू दोनदा गॅलरीत आलास. डावा पाय जपून टाकतोस. केस फार पांढरे झाले रे.

ता. क. शेवटचा. तुमच्या कोपऱ्यावर सायकलवाल्याचं दुकान आहे. त्यानं माझी चाल बघूनच ओळखलं, म्हणाला, रुंद मऊ सीट आहे, पाच मिनिटांत बसवून देतो. मी म्हटलं, नको, आमची घरून येणार आहे. तो म्हणाला, कधी? ते मी तुला विचारून सांगतो असं त्याला सांगून आलो आहे. सीट माळ्यावर कुठे खोल गेली असेल तर शोधत बसू नकोस, तसाच ये, एक रस्ता तर ओलांडायचा आहे. वर बघितलंस की दिसेनच. तू म्हणायचास तसा खिडकीतच आहे, फक्त या वेळी बसलेला नाही.