बाबांची गाठ

३ मार्च, मंगळवार
दादाचा उजवा हात मोडला. बंदरातल्या नव्या मरीनाच्या पहारेकऱ्याने मोडला, लोखंडी पहारीने, सगळ्यांसमोर. वारा सुटला म्हणून आम्ही होडी त्यांच्या नव्याकोऱ्या धक्क्याला लावली, एवढाच आमचा गुन्हा. पहारेकरी म्हणाला, "इथे शौकीन लोकांच्या बोटी लागतात, मासळीचा घाणेरडा वास नको." दादा मुकाट्याने दोरी सोडायला वाकला, आणि त्या मेल्याने त्याच्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मला होडीत ऐकू आला. अजून कानात आहे.

४ मार्च
कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. दीड महिना. वहिनी त्याला भरवते, तो ओशाळून भिंतीकडे बघतो.

मला म्हणाला, "छोटे, तू यात पडू नकोस. तुझं डोकं फिरलं की तुला धरायला माणसं लागतात." मी हसले. डोक्यात पहारच होती.

६ मार्च
मेल्याने होडीही सोडली नाही!

पहाटे खडकांवर सापडली — पोट फाटलेलं, तीन फळ्या गेल्या. बाबांची होडी. दोरी मीच बांधली होती. जुन्या धक्क्यावर कडीला माझी गाठ जशीच्या तशी, आणि पुढे दोरी सफाईने कापलेली. ही गाठ बाबांनी आम्हा दोघा भावंडांनाच शिकवली: दोन वेढे उलटे, टोक आत. एकदा भिजली की दात लावूनही सुटत नाही. म्हणून तर कापावी लागली.

पहारेकरी पलीकडून ओरडला, "दोरी कुजकी असेल!" जाळं शिवायची सुरी माझ्या हातात होती. मध्ये पाणी होतं म्हणून वाचला.

७ मार्च
संध्याकाळी जुन्या धक्क्यावर जाऊन आले. भूक नाही.

८ मार्च
पहारेकरी मेला. सकाळी ओहोटी लागल्यावर दिसला — जुन्या धक्क्याच्या अगदी खालच्या पायरीपाशी, कडीला बांधलेला. डोकं मागून फुटलेलं, तोंडात वाळू, एका पायात बूट नाही. रात्रीची भरती त्याच्या डोक्यावरून गेली.

गर्दीत उभी राहून मी नीट बघून घेतलं. काही वाटलं नाही. दुपारी पोलिसांनी दादाला नेलं.

९ मार्च
ठाण्यात टेबलावर ती गाठ ठेवली होती. पोलिसांना सुटेना, म्हणून दोन्हीकडून दोरी कापून आणलेली. डिझेल पंपावरच्या म्हाताऱ्याने बघताक्षणी सांगितलं, "ही यांच्या घरची गाठ. बाप मारायचा, आता ही दोघं मारतात."

वहिनी भडकली. "अहो, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि गाठ कसली मारतात!"

दादा गाठीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग साहेबांना म्हणाला, "मीच मारलं त्याला. डाव्या हाताने आणि दातांनी बांधली."

वहिनीने त्याचा प्लास्टरचा हात धरून साहेबांपुढे केला. मी तशीच घरी आले.

१० मार्च
त्या संध्याकाळी पहारेकरी पायरीवर पिऊन पडला होता. मी वल्ह्याचा एकच तडाखा घातला आणि त्याला कडीला बांधला. साधी गाठ मारली असती तर कुणालाच कळलं नसतं. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात आपले सवयीने बाबांची गाठ मारून मोकळे झाले. त्या मेल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. दादाचं वाटतं.

ही गाठ एका हाताने बसतच नाही. हातभर दोरी घेतली आहे. साहेबांपुढे बांधून दाखवते.