दादाच्या पायांसाठी गालिचा

मलकापूर, कराड
सोमवार

तीर्थस्वरूप संयोगितावहिनींस, धाकटा चुलतदीर हंबीरराव याचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, धैर्यशीलदादाची साखर आणि सांगलीतल्या तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट, तिन्ही ठीक चालत असावीत. (फोन केला असता, पण पलटणीत राहून माझा आवाज असा झालाय की तुमच्या कानाला लावलेला फोन दादाला पलीकडच्या खोलीत ऐकू जातो.)

पत्रास कारण की, डोळे गेल्यापासून दादा फरशीवर अनवाणी फिरतो आणि 'रान पायाला लागत न्हाई' म्हणतो, असं तुमची लेक अंकिता एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली. मी ठरवलं, त्याच्या इथल्या रानाचाच गालिचा करून द्यायचा. आमच्या गल्लीत माया राहते. नवऱ्याच्या नोकरीपायी दहा वर्षं उत्तर प्रदेशात भदोहीला होती, तिथं हातगाठीचे गालिचे शिकून आली. काम सोपं आहे: उभा माग, त्यावर ताणलेले दोरे, आणि दोन-दोन दोरे धरून लोकरीची एकेक गाठ मारायची. सहा बाय नऊ फुटांत अशा चार लाखांच्या वर गाठी बसतात, एवढीच अडचण.

मी सुभेदाराला शोभेल असा नकाशा काढून नेला. चढ-उतार, दिशा, अंतरं, सगळं. मायानं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काका, ह्यो हल्ला करायला हाय का चालायला?" मग म्हणाली, मला रान दाखवा. रानात आल्यावर तिनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालू लागली. विहिरीकडं वळायच्या आधी पाटात गुडघ्यापर्यंत गेली. मी धावलो, तर तिथंच उभी राहून बोटांनी चिखल चाचपत म्हणाली, "पाट कळला. पुढं काय हाय?" वहिनी, तीस वर्षांच्या नोकरीत इतकी चोख टेहळणी मी पाहिली नाही.

मग सहा महिने विणकाम. मी रोज देखरेखीला. एक दिवस म्हणालो, मलाही गाठ मारू दे. तासाभरात एकोणीस मारल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकही नाही. विचारलं, तर हात न थांबवता म्हणाली, "पावण्या होत्या, गेल्या." तेव्हापासून मी नुसता बसतो आणि बघतो. तिची बोटं गाठ मारतात, सुरी लोकर तोडते, पंजा नावाची लोखंडी फणी ओळ ठोकून बसवते, आणि हे सगळं ती आपल्याशी भाजीच्या भावावर बोलत असताना चालतं.

शेवटी कात्री आली. उसाच्या जागी लोकर उंच ठेवली, पाट खोल कातरला, विहिरीभोवती कड. जमिनीवर अंथरून तिनं माझ्या डोळ्यांना टॉवेल बांधला आणि म्हणाली, "चाला." मी पाटानं निघालो, उसाला घासून वळलो, विहिरीपाशी आपोआप थांबलो. टॉवेल लवकर सोडला नाही. (तो ओला का झाला, हे मायानं विचारलं नाही. शहाणी आहे.)

रविवारी गालिचा घेऊन येतो. दादाला माझा नमस्कार सांगू नका.

आपला,
हंबीरराव

ता. क. दादाच्या नि माझ्या रानांमधला बांध, ज्याच्यापायी दादा अकरा वर्षं माझ्याशी बोललेला नाही, तो गालिच्यात दादा म्हणतो तिथं घेतलाय. मायानं बोट ठेवून विचारलं, "मग काका, रानात ह्यो चार हात त्यांच्या अंगाला का हाय?"

पुन्हा ता. क. गेल्या बुधवारी रानातला बांधही सरकवला. माझ्या उसाच्या दोन सऱ्या आता दादाच्या आहेत, बऱ्या आल्यात. एवढंच करा, रविवारी बेल वाजली की दार तुम्ही उघडा. दादानं उघडलं तर माझ्या खोकण्यावरून ओळखेल आणि गालिचा आत घेऊन मला बाहेर ठेवेल.